शंभू महतोच्या शोधांत

मराठी रंगभूमीच्या वैभवाच्या काळांत नटाची परीक्षा होत असे ती राजाच्या, ऋषीच्या अथवा वीराच्या भूमिकेंत. शेतकरी, हमाल, गाडीवान हीं पात्रें नाटकांत येतच नसत असें नाहीं. परंतु तीं बहुधा येत तीं प्रेक्षकांस दोन घटका हंसविण्यापुरतीं. धोतर गुडघ्यापर्यंत खोंचावें, डोक्यास मुंडासें गुंडाळावें, चार शब्द वांकडे उच्चारावे, कीं झाला शेतकरी उभा, अशी नटांची समजूत असे आणि प्रेक्षकांचीहि असे. दहाव्या रांगेंतून पाहणाऱ्यास तेवढें पुरत होतें. चित्रपट आला आणि ही सोय संपली. कॅमेऱ्याचें भिंग नटाच्या बोटांच्या पेरांपर्यंत आणि टांचेच्या भेगांपर्यंत जाऊन पोंचतें. ज्यानें जन्मांत ओझें वाहिलें नाहीं त्याची मान तें लपवूं देत नाहीं.

हा फरक आपल्याकडे ज्यांनीं आधीं ओळखला त्यांत कोल्हापूरचे बाबूराव पेंटर अग्रगण्य होत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदापायीं जमीन गमावून शहराची वाट धरणारा आणि अखेर गिरणीकामगार होणारा एक तरुण शेतकरी त्यांत आहे, आणि ती भूमिका व्ही. शांताराम यांनीं केली होती. पौराणिक चमत्कारांस सरावलेल्या तत्कालीन प्रेक्षकवर्गाला तो चित्रपट मानवला नाहीं. तथापि जमीन, कर्ज आणि शहर ही तिहेरी गोष्ट चित्रपटाच्या पडद्यावर एकदां आली ती आली. अठ्ठावीस वर्षांनीं, १९५३ सालीं, तीच गोष्ट बंगालच्या मातींतून पुन्हां उगवली. त्या चित्रपटाचें नांव 'दो बिघा जमीन'. त्यांतील शंभू महतो या शेतकऱ्याची भूमिका बलराज साहनी यांनीं केली. आणि ती करण्यासाठीं त्यांना जो प्रवास करावा लागला तो हिंदी चित्रपटाच्या इतिहासांतील एक मोठा बोधप्रद भाग आहे.

प्रथम नट कोण, हें पाहिलें पाहिजे. बलराज साहनी यांचा जन्म १ मे १९१३ रोजीं रावळपिंडी येथें झाला. घर सुखवस्तु व्यापाऱ्याचें. लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजांत त्यांनीं इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. ची पदवी मिळविली. पुढें ते सपत्नीक शांतिनिकेतनांत अध्यापक म्हणून गेले. कांहीं काळ सेवाग्रामास नयी तालीमच्या कार्यांत होते. आणि १९४० पासून १९४४ पर्यंत, म्हणजे ऐन महायुद्धांत, लंडनला बी. बी. सी. च्या हिंदुस्थानी विभागांत निवेदक होते. नभोवाणीच्या श्रोत्यांस हा तपशील विशेष वाटेल. ध्वनिक्षेपकापुढें बसून स्वच्छ, घोटीव हिंदुस्थानी बोलणारा हा गृहस्थ. उंच बांधा, गोरा वर्ण, इंग्रजी पद्धतीचा पोषाख आणि चालण्याबोलण्यांत चार वर्षांच्या लंडनवासाचा ठसा. अशा माणसाच्या वाट्यास पुढें एक निरक्षर, भुकेकंगाल, अनवाणी रिक्षावाला यावयाचा होता.

शांतिनिकेतनांतील एक प्रसंग त्यांनीं पुढें अनेकदां सांगितला आहे. ते त्या वेळीं इंग्रजीत आणि हिंदींत लिहीत असत. तुम्ही आपल्या मातृभाषेंत, पंजाबींत, कां लिहीत नाहीं, असें रवींद्रनाथांनीं त्यांस विचारलें. साहनींना तो प्रश्न तेव्हां आवडला नाहीं. तो त्यांना पटला फार उशीरां, आणि मग आयुष्याच्या उत्तरार्धांत त्यांनीं पंजाबींत नेटानें लिहिलें. शिकलेला माणूस आपल्याच लोकांपासून किती दूर जाऊन बसलेला असतो, याची पहिली टोंचणी त्यांना तेथें लागली असावी.

लंडनहून परतल्यावर ते मुंबईस इंडियन पीपल्स थिएटरच्या मंडळींत मिसळले. ख्वाजा अहमद अब्बास यांनीं बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर 'धरती के लाल' हा चित्रपट १९४६ सालीं पुरा केला, त्यांत साहनी शेतकरी झाले. त्या भूमिकेसाठीं ते कित्येक दिवस एकभुक्त राहिले आणि कॅमेऱ्यापुढें जाण्यापूर्वीं अंगास चिखल फांसून घेत. निष्ठा मोठी खरी. परंतु दुष्काळांतील त्या जथ्यांत एकट्या नटावर नजर खिळून राहण्याचे प्रसंग थोडे. शिवाय ती सर्व मंडळी एका ध्येयानें भारलेली होती आणि एकमेकांस सांवरून नेत होती.

पुढचीं वर्षें हालाखीचीं गेलीं. १९४७ सालीं पत्नी दमयंती ऐन तारुण्यांत निवर्तली. त्या स्वतः नामांकित अभिनेत्री होत्या, आणि घरखर्चाचा भार कांहीं काळ त्यांनींच वाहिला होता. साहनी साम्यवादी चळवळींत होते. त्यापायीं त्यांना तुरुंगवास घडला. 'हलचल' या १९५१ सालीं प्रकाशित झालेल्या चित्रपटाच्या वेळची हकीकत तर कादंबरीकारासहि सुचली नसती. तुरुंगांतील हा कैदी चित्रीकरणापुरता बाहेर आणला जाई, आणि चित्रांत त्याचें काम असे तुरुंगाधिकाऱ्याचें! त्याच सालच्या 'हम लोग' च्या चित्रीकरणांत आरंभीं ते इतके बिचकले कीं, आपल्या जागीं दुसरा नट घ्यावा, असें त्यांनीं दिग्दर्शक झिया सरहदी यांस सांगितलें. बुडालों तर दोघे मिळून बुडूं, अशा अर्थाचें उत्तर सरहदींनीं दिलें, म्हणून ते टिकले. तात्पर्य, १९५२ च्या सुमारास साहनी हे एकोणचाळीस वर्षांचे, दोन मुलांचे वडील, पोटापाण्याच्या विवंचनेंत असलेले आणि कॅमेऱ्याची धास्ती घेतलेले नट होते. कीर्तीच्या शिखरावर उभे राहून कांहीं नवा प्रयोग करून पाहावा, अशी चैन त्यांना परवडणारी नव्हती.

आतां दुसऱ्या बाजूस बिमल रॉय. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें तयार झालेला हा अबोल दिग्दर्शक मुंबईस येऊन स्थिरावत होता. १९५२ च्या आरंभीं मुंबईस पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तेथें त्यांनीं व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनानें घेतलें कीं, असें चित्र आपण आपल्या मातींतील काढावें. सलिल चौधरी यांची एका रिक्षावाल्याची कथा त्यांना मिळाली. हृषिकेश मुकर्जी यांनीं पटकथा रचली. नांव रवींद्रनाथांच्या एका प्रसिद्ध कवितेवरून घेतलें.

दे सिका यांनीं आपल्या चित्राचा नायक म्हणून नट घेतलाच नव्हता. लाम्बेर्तो माज्जोरानी नांवाचा रोमचा एक खराखुरा कारखाना-कामगार त्यांनीं उभा केला. त्याला कामगाराची चाल शिकवावी लागली नाहीं. (चित्रपट जगभर गाजला, त्या बिचाऱ्याची कारखान्यांतील नोकरी मात्र पुढें गेली. कलेच्या इतिहासांत असे हिशेब क्वचितच मांडले जातात.) बिमल रॉय यांनीं तो मार्ग धरला नाहीं. त्यांना नट हवा होता, आणि नटाचें नटपण दिसावयास नको होतें. या दोन अपेक्षा एका ठिकाणीं बसविणें हें काम केवढें अवघड आहे, हें ज्यांनीं हौशी नाटकांत एखाद्या वकिलाला नोकराचें काम करतांना पाहिलें आहे त्यांना सांगावयास नको.

साहनी त्यांच्या घरीं भेटावयास गेले ते उत्तम शिवलेला सूट घालून. बिमलबाबूंनीं वर पाहिलें आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनीं बसावयासहि सांगितलें नाहीं. आमच्या माणसांची चूक झाली, आम्हांला जसा माणूस पाहिजे तसे आपण मुळींच नाहीं, असें ते बंगालींत म्हणाले. शांतिनिकेतनामुळें साहनींना बंगाली उत्तम येत होती, म्हणून तो नकार पूर्णपणें समजला! पात्र कोण आहे, असें त्यांनीं उभ्याउभ्याच विचारलें. एक निरक्षर खेडूत, असें उत्तर आलें. तसें काम आपण 'धरती के लाल' मध्यें केलें आहे, असें साहनींनीं सांगितलें, तेव्हां कोठें त्यांना बसावयास खुर्ची मिळाली. ज्यास पहिल्याच नजरेंत नालायक ठरविलें त्या माणसास अखेर हें काम मिळालें, यांत बिमल रॉय यांचा मोठेपणा आहेच; परंतु त्या पहिल्या नजरेनें साहनींच्या मनांत जो कांटा रुतला तो चित्र पुरें होईपर्यंत निघाला नाहीं.

आतां शंभूची गोष्ट थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्याची जमीन दोन बिघे. बंगालच्या मापानें हें क्षेत्र साडेसव्वीस गुंठ्यांच्या आंतबाहेर भरतें. आपल्याकडील शेतकरी त्यास शेत न म्हणतां तुकडा म्हणेल. जमीनदाराला तेथें गिरणी काढावयाची असते आणि शंभूचा तुकडा नेमका मध्यें येतो. शंभूच्या हिशेबीं कर्ज पासष्ट रुपये. कचेरींत तें होतें दोनशें पस्तीस, आणि मुदत मिळते तीन महिन्यांची. बायको पारो आणि म्हातारा बाप यांना मागें ठेवून तो कलकत्त्यास जातो. मुलगा कन्हैया आगगाडींत लपून त्याच्यामागून येतो. बाप रिक्षा ओढतो, मुलगा बुटांना पॉलिश करतो, आणि दोनशें पस्तीस रुपये कांहीं पुरे होत नाहींत. म्हाताऱ्या बापाच्या भूमिकेंत आपले नाना पळशीकर आहेत, ही मराठी प्रेक्षकांस जिव्हाळ्याची गोष्ट. पारोचें काम निरुपा रॉय यांनीं केलें. तोंपर्यंत त्या पौराणिक चित्रांतील देवी म्हणून घरोघरीं ठाऊक होत्या. त्यांनीं एकदम मातीचा हंडा कमरेवर घेतला.

या भूमिकेंतील अडचण कोणती? एक जवळचें उदाहरण घेतलें म्हणजे ती लक्षांत येईल. १९३६ सालीं प्रभातच्या 'संत तुकाराम' मध्यें विष्णुपंत पागनीस यांनीं तुकोबांचें काम केलें. पूर्वायुष्यांत स्त्रीभूमिकांबद्दल नांवाजलेला हा नट. त्यानें तुकोबा इतका साधला कीं पुढें कित्येक घरांत तुकोबांची म्हणून जी तसबीर लागली ती पागनिसांच्या मुद्रेची. तेंहि काम कठीणच. परंतु तुकोबांची मूर्ति आधींच प्रत्येक मराठी माणसाच्या मनांत होती. अभंग सर्वांच्या ओठांवर होते. नटाला त्या अभंगांचा हात धरून आंत जातां येत होतें. रिक्षावाल्याचें तसें नाहीं. त्याचे अभंग नाहींत, चरित्र नाहीं, तसबीर नाहीं. तो शहरांत रोज दिसतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं. रिक्षांत बसणाऱ्याला तर ओढणाराची केवळ पाठ दिसते. साहनींच्या वर्गाचे सर्व लोक आजवर त्या पाठीमागेंच बसलेले होते. त्यांना आतां पुढें जाऊन दांड्यांमध्यें उभें राहावयाचें होतें.

त्यांनीं आरंभ केला तो मुंबईंतच. जोगेश्वरीला उत्तरप्रदेश आणि बिहारकडील भय्यांचे गोठे होते. म्हशी पाळणें, दूध काढणें आणि शहरांत नेऊन घालणें हा त्यांचा धंदा. साहनी त्या वस्तींत जाऊन बसूं लागले. ते लोक उठतात कसे, उकिडवे बसतात कसे, जेवतांना हात कसा जातो, एकमेकांस हांक कशी मारतात, हें ते न्याहाळीत. त्यांत एक शोध त्यांना लागला तो गमच्याचा. खांद्यावर टाकावयाचें हें साधें फडकें प्रत्येक भय्या डोक्यास गुंडाळतो, आणि प्रत्येकाची गुंडाळण्याची तऱ्हा निराळी. साहनींनीं एक गमचा विकत घेतला आणि घरीं तो बांधण्याचा सराव चालविला. जमेना. जें दुसऱ्याच्या हातांना न पाहतां साधतें तें एम्. ए. झालेल्या हातांना आरशासमोर साधत नव्हतें. गोष्ट क्षुल्लक दिसते. परंतु गरिबाचें अनुकरण करणारे नट जेथें फसतात ती जागा हीच. ते गमचा नीट, देखणा बांधतात. आणि देखणेपणानें बांधलेला गमचा हा वेष होतो; तो मग घाम पुसण्याचें फडकें राहत नाहीं.

चित्रीकरणासाठीं मंडळी कलकत्त्यास गेली. तेथें साहनींनीं रिक्षावाल्यांच्या संगतींत राहून रिक्षा ओढण्याचे धडे घेतले. कलकत्त्याची हातरिक्षा ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. दोन मोठीं लांकडी चाकें, वर बसावयाची पेटी, पुढें दोन लांब दांडे, आणि त्यांच्यामध्यें घोड्याच्या जागीं माणूस. बोटांत अडकविलेली लहान घंटा दांड्यावर वाजवीत तो गर्दीतून वाट काढतो. जोर केवळ ओढण्यास लागतो अशी पाहणाराची समजूत असते. खरें कसब आहे तें तोलाचें. उतारू मागें रेलून बसला कीं दांडे वर उचलले जातात आणि ओढणाराचे पाय जमिनीवरून सुटूं पाहतात. तो पुढें झुकला कीं सारा भार मनगटांवर येतो. आणि पळण्यापेक्षां थांबणें कठीण, कारण मागचें ओझें आपल्या वेगानें पुढें येतच असतें. बहुतेकांची रिक्षा स्वतःची नसते; मालकाला रोजचें भाडें आधीं द्यावयाचें, मग उरेल त्यांत पोट आणि गांवीं पाठवावयाचे चार पैसे. हें सर्व डांबरी रस्त्यावर, उन्हांत, अनवाणी. साहनींचे पाय या कामानें सोलून निघाले.

वेषांतरापुरतें पाहिलें तर यश लवकर आलें. रिक्षावाल्याच्या पोषाखांत ते चहाच्या दुकानांत शिरूं लागले तर पोऱ्ये त्यांना हुसकून लावीत. एकदां त्यांनीं पानाच्या दुकानावर भारी सिगारेटचें पाकीट मागितलें आणि पांचाची नोट पुढें केली. दुकानदारानें नोटेकडे पाहिलें, माणसाकडे पाहिलें, नोट पुन्हां उजेडांत धरून पाहिली. चोरीची तर नसेल? बऱ्याच विचारानें त्यानें ती घेतली. साहनींनीं हे प्रसंग गमतीनें नमूद केले आहेत. परंतु त्यांत जो अपमान आहे तो त्यांना नवीन होता आणि तो त्यांनीं विसरूं दिला नाहीं. रोज जो या दुकानावरून जातो त्याच्या हातीं पांचाची नोट असणें हाच मुळीं गुन्ह्याचा पुरावा!

इतकें झाल्यावर भूमिका सांपडावयास हरकत नव्हती. चाल साधली, गमचा साधला, रिक्षा साधली, दुकानदार फसला. आणि नेमकें येथेंच सर्व अडलें. कॅमेऱ्यापुढें प्रसंग रंगेना. आपण जें करीत आहों तें बाहेरून चिकटविलेलें आहे, आंत कांहींच हालत नाहीं, असें साहनींना वाटूं लागलें. मॉस्को आर्ट थिएटरचे संस्थापक स्टॅनिस्लाव्हस्की यांचे नाट्यविषयक विचार त्यांनीं अभ्यासिलेले होते. नटानें आपणांस पात्राच्या परिस्थितींत कल्पनेनें कसें नेऊन ठेवावें, हें त्यांना पाठ होतें. पण पाठ असलेली गोष्ट घाबरलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाहीं. बिमलबाबूंची ती पहिली नजर पुन्हां पुन्हां आठवे. तेच खरे, आपण या कामाला लायक नाहीं, ही खूणगांठ बसत चालली. चित्र अर्ध्यावर, पैसा दुसऱ्याचा, परगांवीं आलेली मंडळी, आणि मुख्य नटाचाच धीर सुटलेला!

असाच एक प्रसंग बिघडला असतां ते खिन्नपणें आपल्या रिक्षाशीं बसले होते. जवळच एक मध्यम वयाचा, खराखुरा रिक्षावाला हा सगळा देखावा पाहत उभा होता. बिहारकडचा माणूस, गाल बसलेले, दांत पिंवळे, तोंडावर सुरकुत्या. तो पुढें आला आणि येथें काय चाललें आहे, म्हणून त्यानें विचारलें. सिनेमा घेताहेत, असें साहनी म्हणाले. तुम्ही त्यांत काम करतां काय? होय. कसलें काम? साहनींना बोलण्याची इच्छा नव्हती. तरीहि मन दुसरीकडे जाईल म्हणून त्यांनीं त्याला शंभूची सारी हकीकत सांगितली. दोन बिघे जमीन, जमीनदाराचें कर्ज, जमीन सोडविण्यासाठीं कलकत्ता, रिक्षा.

ऐकतां ऐकतां त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. त्याचीहि गांवीं दोन बिघे जमीन होती. ती जमीनदाराकडे गहाण पडून पंधरा वर्षें झालीं होतीं. ती सोडविण्यासाठींच तो कलकत्त्यास आला होता आणि पंधरा वर्षें रिक्षा ओढीत होता. आतां ती सुटेल अशी आशा त्याला उरली नव्हती. ही तर माझीच कहाणी, बाबू, असें पुटपुटत तो निघून गेला.

या भेटींतील एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. साहनींच्या वेषानें चहावाला फसला, पानवाला फसला. हा रिक्षावाला फसला नाहीं. त्यानें त्यांना 'बाबू' म्हणूनच हांक मारली. अंगावर तेंच फडकें, पायांत तोच धुरळा, तरी हा आपल्यांतला नव्हे, हें त्यानें ओळखलें होतें. आणि इतकें ओळखूनहि त्यानें आपली कहाणी या बाबूच्या स्वाधीन केली.

साहनींनीं आपल्या आत्मकथनांत लिहिलें आहे त्याचा आशय असा कीं, त्या क्षणीं त्यांना स्वतःची लाज वाटली. ज्याची गोष्ट आहे तो माणूस समोर उभा राहून रडला, आणि आपण आपल्या अभिनयाची चिंता करीत बसलों आहों! त्यांनीं नाट्यशास्त्राचे सर्व सिद्धांत बाजूस सारले, अभिनयकलेचा विचारच सोडून दिला, आणि त्या मध्यमवयीन माणसाचा आत्मा आपल्या ठायीं घ्यावयाचा, एवढेंच मनाशीं धरलें. भीति गेली. पुढचे प्रसंग मग अडले नाहींत.

या हकीकतीचा अर्थ लावतांना थोडें जपलें पाहिजे. पुस्तकें फेंकून द्यावीं आणि एखाद्या दुःखी माणसाची वाट पाहत रस्त्यावर बसावें, असा कोणी अर्थ काढील तर तो चुकेल. जोगेश्वरीचे ते दिवस, सोललेले पाय, तोलाचें कसब हें सर्व आधीं झालेलें होतें. तें नसतें तर त्या भेटीनें साहनी कळवळले असते, आणि कॅमेऱ्यापुढें एक कळवळलेला सभ्य गृहस्थ दिसला असता. झालें तें इतकेंच कीं आजवर ते जें जें मिळवीत होते तें 'मला हें साधतें कीं नाहीं' या प्रश्नासाठीं होतें. त्या दुपारपासून तो प्रश्न गौण झाला. दुसऱ्याचा निरोप पोंचवावयाचा असला म्हणजे आपला आवाज कसा लागतो याकडे माणसाचें लक्ष राहत नाहीं. साहनींच्या भित्रेपणावर दुसरें कोणतेंहि औषध चाललें नसतें असें दिसतें. कारण 'हम लोग' च्या वेळीं धीर देणारे मित्र होते, 'धरती के लाल' च्या वेळीं ध्येय होतें, तरी तो दर वेळीं परत येतच होता.

चित्रपटांत याचा परिणाम कोठें दिसतो? रडण्याच्या प्रसंगांत नव्हे. रिक्षांच्या शर्यतीचा तो प्रसिद्ध प्रसंग पाहावा. उतारू आपल्या लहरीखातर अधिक पैशाचें आमिष दाखवून त्याला जोरानें पळावयास लावतो. शंभू पळतो, आणखी पळतो, आणि अखेर चाक निसटून रिक्षा कोसळते. तेथें साहनींच्या मुद्रेवर ना संताप आहे ना करुणेची याचना. एक हिशेब आहे: एवढें पळालें तर एवढे पैसे. त्यांचे डोळे उतारूकडे नाहींत, प्रेक्षकाकडे तर नाहींतच. ते दोनशें पस्तीस रुपयांकडे लागलेले आहेत. दुसरा प्रसंग शेवटचा. शंभू, पारो आणि कन्हैया गांवीं परततात तों जमीन लिलांवांत गेलेली आणि तेथें गिरणीचें काम उभें राहिलेलें. शंभू कुंपणाजवळ वांकून मूठभर माती उचलतो. पहारेकऱ्याला वाटतें, हा कांहीं चोरतो आहे. तो हटकतो, आणि शंभू मूठ उघडून माती खालीं पडूं देतो. त्या मुठीचें उघडणें इतकें साधें आहे कीं तें शिकवून येण्यासारखें नाहीं. पानाच्या दुकानावर पांचाची नोट उजेडांत धरून पाहणारा माणूस ज्यानें सोसला होता, त्यालाच तें यावयाचें.

चित्राला मान पुष्कळ मिळाले. १९५३ सालच्या पहिल्या राष्ट्रीय पारितोषिकांत त्यास गुणपत्र लाभलें. १९५४ सालीं फिल्मफेअरचें पहिलें उत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक आणि फ्रान्समध्यें कान येथील महोत्सवांत आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालें. साहनींचें आसन हिंदी चित्रसृष्टींत त्यानंतर स्थिर झालें. 'काबुलीवाला' चा पठाण, 'गर्म हवा' मधील आग्र्याचे सलीम मिर्झा, अशा भूमिका पुढें येत गेल्या. 'गर्म हवा' च्या ध्वनिमुद्रणाचें काम संपवून दुसऱ्याच दिवशीं, १३ एप्रिल १९७३ रोजीं, त्यांचें निधन झालें. सलीम मिर्झाचें काम शंभूपेक्षांहि सरस आहे, असें मानणारे जाणते आहेत, आणि त्यांचें म्हणणें सहज मोडून काढतां येण्यासारखें नाहीं. परंतु मिर्झासाहेबांच्या घरचें दुःख, फाळणीनें उठविलेल्या माणसाचें दुःख, रावळपिंडी कायमची सोडावी लागलेल्या साहनींना शोधावयास जावें लागलें नाहीं. शंभूकडे मात्र त्यांना पायीं जावें लागलें.

'दो बिघा जमीन' पडद्यावर आल्यावर कलकत्त्याच्या वृत्तपत्रांतून या अभिनयाची तोंड भरून स्तुति झाली. प्रतिभेचा स्पर्श वगैरे शब्द त्यांत आले. पुढें एका रशियन दिग्दर्शकानेंहि साहनींच्या मुद्रेंत सारें एक जग सामावलें आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. ही सर्व स्तुति साहनींनीं आपल्या पुस्तकांत नमूद केली आहे आणि ती आपली नव्हे, त्या रिक्षावाल्याची आहे, असें तेथल्या तेथें लिहून टाकलें आहे. त्या माणसाचें नांव पुस्तकांत नाहीं. त्याची दोन बिघे जमीन, गहाण पडल्याचीं पंधरा वर्षें, पिंवळे दांत आणि डोळ्यांतलें पाणी, एवढेंच तेथें आहे. आणि तो आपली रिक्षा घेऊन कलकत्त्याच्या गर्दींत निघून गेला.